चालू इंजिनासमोर

पडदा वर जातो तेव्हा उजेड बेताचाच आहे. सकाळ अजून पुरती उजाडलेली नाही. डाव्या हाताला दोन खोल्यांचं बैठं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळा दिवा. उजव्या हाताला लोखंडी फाटक. आणि ऐन मध्यावर, नायिकेच्या जागी, एक जुनी उंच व्हॅन, बॉनेट उघडून उभी. तिच्या दोन्ही अंगांवर पूर्वी नाटक कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ते खरवडून काढलं, पण तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या अजून दिसतात. बॉनेटखाली वाकलेली बाई साठी ओलांडलेली, काडीसारखी बारीक. अंगात घोळदार झगा, खांद्यावर शाल, कमरेला नाडीने बांधलेली कात्री आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्यांचं या क्षणी काही काम नाही. काही माणसं भीती वाटली की नखं खातात, ही टाचण्या ओठांत धरते.

तिला सगळे टाचणीच म्हणत.

इंजिन बंद आहे, रात्रभराचं थंडगार. टाचणी आत हात घालून एक लांब, लवचीक पट्टी उपसते, पांढऱ्या फडक्याने पुसते, पुन्हा नळीत खुपसते, पुन्हा काढते आणि खिडकीच्या उजेडात धरते. पट्टीवर गिअरचं तेल चढलेलं, तांबडं, सरबतासारखं. वरची खूण पार बुडालेली. म्हणजे तेल भरपूर.

आता जिवात जीव यायला हवा. पण तसं होत नाही. तेल कमी निघालं असतं तर बरं झालं असतं. घालता आलं असतं. तेल काठोकाठ असून गाडी चढावर कच खाते, म्हणजे दुखणं आतलं आहे. आणि आतल्या दुखण्याला टाचणी फार घाबरायची, माणसाचं असो की गाडीचं.

"झालं का नाडी बघून?" खिडकीतून ताईचा आवाज आला. "काय म्हणतोय पेशंट?"

"भरलेलं आहे," टाचणी टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"काल पण भरलेलं होतं. परवा पण भरलेलं होतं. तोंड बघ स्वतःचं, जसं काही गाडीच्या दहाव्याला आलीयेस."

टाचणीने पट्टी पुन्हा एकदा पुसली आणि पुन्हा एकदा बघितली. भरलेलंच होतं.

हे नाटक पुढे जाण्याआधी या बाईची थोडी ओळख व्हायला हवी, कारण ती आयुष्यभर विंगेत राहिली आणि विंगेतल्या माणसांना कोणी ओळखत नाही. आईवडील लवकर गेले. ताई टेलिफोन खात्यात लागलेली होती. तिनेच धाकटीला वाढवलं आणि शिवणाच्या वर्गाला घातलं. तिथून धाकटी जी नाटक कंपनीच्या कपडेपटात गेली, ती कंपनीला कुलूप लागेपर्यंत. कपडेपट म्हणजे काय हे प्रेक्षकांना कळत नाही, आणि कळूही नये. पण राजा विंगेत येतो आणि दोन वाक्यांत त्याला भिकारी होऊन परत जायचं असतं, तेव्हा काळोखात त्याची बटणं कोणाची तरी बोटं सोडत असतात. ती बोटं टाचणीची. मोठमोठे नट तिच्यापुढे हात वर करून पोरांसारखे उभे राहत.

तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ती हुंकारावर भागवायची. मापं घेताना मात्र बोलायची. गाणाऱ्या नटाचं माप तिने कधी गप्प उभं करून घेतलं नाही. "तान घ्या," म्हणायची, आणि त्याची छाती भरून आली की टेप आवळायची. एकदा एका नवख्या गायकाने विचारलं, मावशी, ही काय पद्धत? तर म्हणाली, "गप्प उभं राहून माप दिलंत तर सदरा गप्प उभं राहण्यापुरताच होईल. तिसऱ्या अंकात बटण उडून पहिल्या रांगेत पडलं तर माझ्याकडे येऊ नका."

गाडी चालवायचे ते गाडीमामा. आडदांड माणूस, पण व्हॅनशी बोलताना आवाज मऊ व्हायचा. ही व्हॅन ऑटोमॅटिक गिअरची, क्लच नसलेली. ती कंपनीत आली तेव्हा मामांनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं, "आजपासून माझा डावा पाय सेवानिवृत्त झाला." तिच्या तांबड्या तेलाचे डबे ते मागच्या सीटखाली जिवापाड जपत. एका प्रयोगाला खोट्या रक्ताची बाटली मागच्या गावी राहिली आणि खलनायकाला तर शेवटच्या अंकात मरायचं होतं. त्याने मामांचा डबा पळवला, तेल छातीवर ओतून घेतलं आणि असा झकास मेला की टाळ्या थांबेनात. मामा शोधत शोधत मेकअपच्या खोलीत आले. "मेलात ते उत्तम. पण माझ्या तेलात का मेलात?" हसून हसून सगळ्यांची रंगरंगोटी उतरली. हसली नाही ती टाचणी. तिला तो सदरा धुवायचा होता. सोडा झाला, लिंबू झालं, खडू झाला. डाग फिका पडला पण गेला नाही. कडेला गुलाबी, मध्ये तपकिरी, नाकाशी धरला तर जळकट वास. हा डाग ती जन्मात विसरणार नव्हती.

दुसरी एक गोष्ट विसरायची तिने फार खटपट केली. वादळाच्या प्रवेशासाठी विंगेत एक मोठा पंखा लावायचे. वारा जोरात यावा म्हणून त्याची जाळी कोणीतरी काढून ठेवली होती. नायिकेच्या गळ्यात शेला होता, टाचणीनेच शिवलेला. वाऱ्यावर छान फडफडावा म्हणून हातभर जास्त लांब ठेवलेला. पंख्याने त्या शेल्याचं टोक धरलं. मुलगी बोलता बोलता मागे ओढली गेली, गुडघ्यांवर आली, आणि समोर बसलेल्या लोकांना वाटलं काय अभिनय करते. टाचणीने कमरेची कात्री काढून शेला गळ्याजवळ कापला. मुलगी वाचली. गळ्यावर वळ राहिला तो पुढे पावडरीने झाकत असत. कोणी टाचणीला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून जे काही गरगर फिरतं त्याच्या जवळ ती जाईना. शिलाई मशीन पायाचं. विजेची मोटर लावू दिली नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर ताईने लावायचा, हिने तोवर अंगणात उभं राहायचं.

कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी व्हॅनची किल्ली तिच्या हातात ठेवली. "कपडे तू सांभाळलेस. कपडे वाहणारीलाही तूच सांभाळ." मामांनी एका रिकाम्या मैदानात तिला गाडी शिकवली आणि तेल बघायलाही शिकवलं. "जमीन सपाट पाहिजे. गाडी चांगली फिरून गरम झालेली पाहिजे. इंजिन चालू ठेवायचं, गिअरचा लिव्हर सगळ्या घरांतून एकदा फिरवून परत पार्कवर आणायचा, आणि मग पट्टी काढायची. ऐकतेस ना?"

टाचणी ऐकत होती, पण बरीच लांबून. उघड्या बॉनेटखाली पंखा घोंघावत होता.

मामा त्याच वर्षी गेले. टाचणीने त्यांचं सगळं सांगणं पाळलं. जमीन सपाट, फडकं पांढरं. इंजिन चालू करून गाडी गरम करायचं तेवढं बाजूला ठेवलं. पट्टी तीच, नळी तीच, तेल तेच. इंजिन बंद ठेवलं म्हणून काय बिघडतं, अशी तिने मनाची समजूत घातली. ती गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही, आणि मग स्वतःलाही सांगेनाशी झाली.

मग ताईची मूत्रपिंडं गेली. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात रक्त शुद्ध करायच्या मशीनला आठवड्यातून तीनदा जायचं, आणि ते चुकवायचं नाही. बस डोंगराला वळसा घालून जायची. तिच्या पायऱ्या ताईला चढवत नसत आणि तेवढा वेळ बसवतही नसे. तेव्हा व्हॅन आणि टाचणी. वर्षभर ठीक चाललं. मग एके दिवशी अर्ध्या चढणीवर इंजिन नुसतं किंचाळलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. थांबली तेवढ्यावर भागलं नाही, मागे यायला लागली. टाचणीने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. थोडं मागे येऊन पुन्हा दामटल्यावर चाकांनी पकड घेतली.

तिने गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने सपाट रस्त्यावर फिरवून आणली. छान चालली.

"तेल बघता का?"

"रोज. वरपर्यंत असतं."

"मग गिअरचा डबाच आतून गेला म्हणायचा," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "असा डबा आता मिळत नाही, मावशी. चालेल तोवर चालवा, आणि चढावर जपून."

चढावर जपून. त्या दिवसापासून टाचणीची झोप उडाली. डोळे मिटले की गाडी मागे यायला लागे.

आणि आज मशीनच्या दोन फेऱ्यांमधली सुट्टी मोठी पडली होती. ताईचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा फुगला होता. खाटेवरून गाडीपर्यंत येता येता तिला दोनदा भिंत धरावी लागली. आज पोचायला हवंच होतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

टाचणीने बॉनेट लावलं, ताईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, फाटक उघडलं.

गावातून जाईपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. पेट्रोलपंप मागे पडला, पिठाची गिरणी मागे पडली, लाकडाची वखार मागे पडली. मग रस्ता वर उचलला. एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी कठडा, काही ठिकाणी नुसते पांढरे दगड, आणि दगडांपलीकडे खोल खाली एक जुनी खाण. टाचणी तिकडे बघत नसे. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती खाण गाडीबरोबर चालत राही.

"इतकं घट्ट धरू नकोस स्टिअरिंग," ताई म्हणाली. "पळून नाही जायचं."

"बोलू नकोस, ताई. धाप लागते तुला."

"धाप मला लागते की..."

वाक्य अर्धंच राहिलं. इंजिनाचा सूर एकाएकी चढला, अगदी वरच्या पट्टीत गेला, आणि गाडीचा वेग मात्र मरत चालला. टाचणीने पाय आणखी दाबला. किंकाळी वाढली. समोरचा पांढरा दगड जवळ यायचा थांबला. मग हळूहळू, फार सभ्यपणे, तो लांब जायला लागला.

गाडी मागे येत होती.

टाचणीने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला जो तिला स्वतःला ओळखू आला नाही. गाडी थांबली. मागून दुधाचा टँकर आला, हॉर्न वाजवत वाजवत शेजारून वर गेला. त्याच्या वाऱ्याने व्हॅन हलली. ताईने डोळे मिटून घेतले होते.

"आपण रांगेत आहात," ताई टेलिफोन खात्याच्या आवाजात म्हणाली, "कृपया प्रतीक्षा करा." पण तिचा हात टाचणीच्या झग्यावर घट्ट आवळलेला होता.

"ताई, मागे जावं लागेल. खालच्या वळणावर खडीचे ढीग आहेत ना, तिथे सपाट आहे."

"उलटं जाणार? या रस्त्याने?"

"दुसरा रस्ता आहे का?"

ताई कशीबशी वळली आणि मागच्या काचेतून बघायला लागली. टाचणीने ब्रेक केसाएवढा सोडला. मोठी गाडी स्वतःच्या वजनाने खाली उतरू लागली. आरशात फक्त आभाळ दिसत होतं.

"ये... ये... हळू. डावीकडे. अगं डावीकडे, टाचणे."

"तुझ्या की माझ्या?"

"खडकाच्या. खडकाच्या बाजूला. ये... बस. बस म्हटलं ना."

चाकाखाली खडी करकरली. जमीन सपाट झाली. टाचणीने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.  ताई श्वास मोजल्यासारखी श्वास घेत होती, प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी.

बसून राहून चालणार नव्हतं. टाचणी उतरली, खडीतले मोठे दगड उचलून चाकांमागे लावले, त्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून गाडीखाली वाकली. मग बॉनेट उघडलं. थोडा वेळ थांबून, पंखा अगदी स्थिर आहे हे दोनदा बघून, तिने पट्टी काढली. पुसली. बुडवली. काढली.

भरलेलं.

तिला रडू आलं. म्हणजे खरंच डबा गेला. म्हणजे इथेच.

"टाचणे," ताई उघड्या दारातून म्हणाली, "झग्याला काय लावून घेतलंस?"

टाचणीने खाली पाहिलं. झग्याच्या घेराला, गुडघ्याशी, हाताच्या पंजाएवढा ओला डाग. कडेला गुलाबी, मध्ये तपकिरी. तिने तो चिमटीत धरून नाकाशी नेला. जळकट वास. कितीतरी वर्षांमागचा तो सदरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, दोरीवर वाळत घातलेला, छातीवर फिकट गुलाबी फूल.

ती पुन्हा वाकली. गाडीच्या पोटाखाली एका रबरी नळीच्या सांध्याला तांबडा थेंब धरला होता. गाडी तापली की तो गळत असणार आणि निवली की थांबत असणार, कारण अंगणात तिने असा थेंब कधी पाहिला नव्हता.

"तेल गळतंय, ताई."

"मग रोज काय बघतेस तू?"

"पट्टीवर भरलेलं दिसतं. आत्ता पण."

"गळतंय पण कमी होत नाही? अशी कळशी मला पण दे एक."

"चेष्टा करू नकोस. डाग खोटं बोलत नाही. आणि पट्टीवरही दिसतंय."

ताईने सीटला डोकं टेकलं. दम खात होती की विचार करत होती, सांगता आलं नसतं. मग म्हणाली, "मला मशीनवरून काढतात ना, तेव्हा सिस्टर खाटेवरच माझं प्रेशर बघते. एकदम सुरेख असतं. मग ती मला उभी करते आणि परत बघते. तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. आडव्या माणसाचं प्रेशर बघून घरी सोडलं तर जिन्यातच निकाल लागेल, म्हणते ती." तिने श्वास घेतला. "तुझ्या गाडीला तू उभी करून बघतेस का?"

 टाचणीच्या डोळ्यांपुढे टेप होता. तान घेणाऱ्याच्या छातीभोवती आवळलेला टेप, आणि तिचाच ठसक्यातला आवाज. इंजिन बंद असलं की तेल सगळीकडून उतरून तळाशी येऊन बसणार, आणि पट्टी बुडणार. गाडी कामाला लागली की ते वर चढणार, नळ्यानळ्यांत जाणार, मग खाली उरतं किती ते खरं. मामा ओरडून सांगत होते ते हे.

"मामांनी सांगितलं होतं," ती अखेर म्हणाली. "चालू ठेवून बघायचं."

"मग?"

"पंखा असतो, ताई."

ताईला शेल्याची गोष्ट माहीत होती.  तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि सुजलेला एक पाय खाली सोडला. "सरक. मी बघते. मला काय, पट्टी ओढायची नि वाचायची." दुसरा पाय खाली यायच्या आत तिचा चेहरा निळसर पडला. टाचणीने धावत येऊन तिला परत सीटवर ढकललं. ताईच्या छातीतली शिट्टी आता इंजिन बंद असताना स्पष्ट ऐकू येत होती.

टाचणीने शाल काढून सीटवर टाकली. झग्याचा घेर गोळा करून पायांभोवती गुंडाळला आणि ओठांतल्या टाचण्या काढून तो पक्का केला. कॉलरमागे आणखी टाचण्या नेहमी असायच्या; त्यांनी बाह्या मनगटाशी आवळल्या. केसांवर ताईचा रुमाल बांधला, गाठ मागे, टोकं आत. प्रवेश बदलायच्या काळोखात बोटं जशी चालत तशी ती चालली, डोक्याला न विचारता.

"ताई, इकडे स्टिअरिंगमागे सरक. ब्रेकवर पाय ठेव. किल्ली फिरव. आता लिव्हर एकेका घरातून ने. सावकाश. आणि परत पार्कवर आण. ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही, माशी बसली तरी."

"हलवत नाही. जा तू."

इंजिन सुरू झालं. टाचणी बॉनेटसमोर आली आणि तिथेच थिजली.

पंख्याची पाती दिसत नव्हती. दिसत होतं ते नुसतं एक करडं वर्तुळ, हवेचं केल्यासारखं, आणि त्यातून येणारा गरम वारा तिच्या तोंडावर आपटत होता. पंख्याचा पट्टा इतका जलद पळत होता की उभा असल्यासारखा वाटे. तिच्या तळव्यांना पाणी सुटलं. गळ्याभोवती काहीतरी आवळतंय असं वाटून तिने हात नेला. गळ्याला काही नव्हतं. पट्टीची कडी मागच्या बाजूला होती, पंख्यापासून चांगली लांब. हे तिला दिसत होतं. शरीराला पटत नव्हतं.

तिने डोळे मिटले, मग मिटून चालणार नाही म्हणून उघडले. हात आत गेला. कडी तापलेली होती. तिने पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, नळीत घातली, आणि त्याच क्षणी बोटांतून फडकं निसटलं.

त्याचं पुढे काय झालं ते तिला दिसलंच नाही. फट असा आवाज आला आणि पांढऱ्या चिंध्या तिच्या तोंडावरून उडून गेल्या.

ती किंचाळली नाही. तेवढाही श्वास उरला नव्हता. तिने दोन्ही हात वर धरले आणि बोटं बघितली. एकेक करून सगळी बघितली. होती.

"काय झालं?" आतून ताई ओरडली. "टाचणे, बोल काहीतरी."

"फडकं गेलं."

"हात?"

"आहेत."

"मग ये मागे. राहू दे. कोणीतरी येईल रस्त्याने."

ताईच्या प्रत्येक शब्दामागे ती शिट्टी होती. टाचणीने कमरेची कात्री उघडली आणि झग्याच्या घेरातून, डाग सोडून, एक कोरडा तुकडा कापला. बोटाएवढा आखूड. वारा कितीही ओढो, ओढण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग तिने पुन्हा हात घातला आणि पट्टी उपसली.

कोरडी. पार टोकाला तेवढा तांबडा ओलावा, एखाद्याने जिभेने चाटल्यासारखा.

"ताई," ती म्हणाली, "काही नाही गं हिच्यात. रिकामी आहे." आणि तिच्या आवाजात भीती होती तशीच राहिली, पण तिच्याखाली दुसरं काहीतरी आलं.

मामांच्या वेळचा एक सीलबंद डबा मागच्या सीटखाली होता, लांब नळीचं नरसाळंही. तिने थोडं तेल ओतलं, थांबली, पट्टी बघितली. पुन्हा थोडं. एकदम ओतायचं नाही, जास्त झालं तर ते फेसाळतं आणि गाडी तशीच घसरते, हेही मामांनी सांगितलं होतं. तेवढं मात्र तिने ऐकलं होतं. दर वेळी हात आत घालताना ती दात दाबून धरायची. तेल पट्टीवर सरकत सरकत वरच्या खुणेच्या जरा खाली आलं तेव्हा तिने नरसाळं काढलं. गळका सांधा झग्याच्या दुसऱ्या पट्टीने आणि कात्रीच्या नाडीने करकचून बांधला, इंजिन तेवढ्यापुरतं बंद करून, शिवणाच्या गाठीने.

मग त्या पुन्हा चढल्या. खडक, पांढरे दगड, खाण. जिथे गाडीने मघाशी दम सोडला तिथे आल्यावर दोघींनी श्वास धरला. इंजिनाचा सूर जरासा चढला.  मग सूर खाली आला आणि व्हॅन वर गेली, म्हातारीसारखी, कुरकुरत, पण न थांबता. माथ्यावर आल्यावर ताई म्हणाली, "श्वास सोड आता, नाहीतर मशीनला तुलाच लावतील." टाचणीने सोडला नाही. तिला अजून उतार दिसत होता.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टर चाकाची खुर्ची घेऊनच उभी होती. तिने टाचणीकडे बघितलं, म्हणजे कापलेल्या झग्याकडे, टाचण्या टोचलेल्या बाह्यांकडे, कोपरापर्यंत तांबड्या हातांकडे, आणि घाईने विचारलं, पेशंट कोण आहे तुमच्यात? ताईने हात वर केला. तिला खुर्चीत घेता घेता सिस्टरने तिचे पाय दाबून पाहिले, ओठांचा रंग पाहिला आणि आत हाक मारली की मशीन तयार ठेवा.

खुर्ची वळायच्या आधी ताईने व्हॅनच्या उघड्या दारातून आत हात लांबवला, किल्लीकडे. "बंद कर बाई ती धडधड. कान किटले माझे."

टाचणी बॉनेट उचलत होती. तिच्या ओठांत पुन्हा दोन टाचण्या आल्या होत्या. त्या तिने काढल्या.

"किल्लीला हात लावू नकोस, ताई. गरम आहे तोवर चालू असतानाच आणखी एकदा बघू दे मला."